मुशीवाल्या नथ्थूची सोयरीक

प्रकाशा या तीर्थाच्या गावाहून दोन कोस खाली तापीच्या काठावर एक गाव आहे. तिथल्या लोकांना जगातलं सगळं ठाऊक होतं. समुद्र तेवढा कुणी पाहिलेला नव्हता, पण त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. रतिलालभाऊ पाटील एकदा सुरतेपर्यंत जाऊन आले होते, आणि सुरतेहून समुद्र जवळच असल्यामुळे तोही त्यांनी पाहिल्यातच जमा होता. केळीच्या बागा, उसाचा फड, नदीवर ऑइल इंजीन. अशा माणसाला समुद्र माहीत नाही असं म्हणायची कुणाची छाती होती?

अशा सर्वज्ञ गावात नथ्थू भोई जन्मला, हीच त्याची पहिली चूक. बाप तापीवर नाव चालवायचा. नथ्थू सतरा वर्षांचा असताना बाप हिवतापानं गेला, आणि बाराव्याचं जेवण पचायच्या आत नाव चुलत्याच्या ताब्यात गेली. चुलत्यानं पुतण्यावर मोठे उपकार केले, त्याला वल्ह्याला हातही लावू दिला नाही. मग सत्तावन्न साली नथ्थू नंदुरबारला गाडीत बसला आणि सुरतेवरून मुंबईच्या गोदीत पोचला. गावानं त्याला आठ दिवसांत विसरून दाखवलं. आई जसोदाबाई तेवढी मागे राहिली, चुलत्याच्या दारात मासळी निवडत.

सात वर्षांनी, चौसष्टच्या चैत्रात, तो परत आला. अंगावर पांढरा सदरा, मनगटावर घड्याळ, आणि डोक्यात लग्नाचा विचार. इथवर सगळं ठीक होतं. पारावर बसलेल्या रतिलालभाऊंनी विचारलं, "काय करतोस रे मुंबईला?" रतिलालभाऊ बाकी गावाशी अहिराणी बोलत, पण बाहेरून कुणी आलं की शाळेतलं मराठी काढत. इथं नथ्थूनं म्हणायला हवं होतं, गोदीत शिपाई आहे. विषय संपला असता, मुलीच्या बापांनी रांग लावली असती. पण नाही! याला खरं सांगायची खाज.

त्यानं सांगितलं की परदेशी संशोधकांच्या बोटीवर तो खलाशी आहे. कोकणाचा किनारा दिसेनासा झाला की पुढं आणखी एक दिवस बोट चालते. तिथं समुद्राच्या पोटात एक डोंगर आहे. चांगला उभा डोंगर, कडे-कपारींसकट, फक्त त्याचा माथा पाण्याखाली दहा-बारा पुरुष खोल. त्या डोंगरावर तो गोऱ्या साहेबाबरोबर उतरतो. साहेबाचा जोडीदार आजारी पडला तेव्हा दुसरा माणूस हवा होता, आणि बाकीचे खलाशी म्हणाले, आम्हाला पोरंबाळं आहेत. नथ्थूला नव्हती.

"पाठवर हवानी लोखंडी टाकी, तोंडमा रबरनी नळी," नथ्थू रंगात येऊन सांगू लागला. "दोर धरीसन उतरनं. आणि तठे मुशी येतस."

"मुशी म्हणजे?"

मुशी म्हणजे काय ते त्यानं सांगितलं. बैलगाडीएवढा मासा, तोंडात दातांच्या ओळीवर ओळी. पहिल्यांदा उतरला तेव्हा खाली काळा खडक, आजूबाजूला निळं पाणी, आणि त्या निळ्यातून एकदम एक मुशी बाहेर आली. मग पाच. मग मोजता येईनात. सगळ्या त्या डोंगराभोवती फिरत होत्या, सावकाश, घाई नसलेल्या. साहेबानं हातानं खूण केली, पाठ खडकाला लाव, हातपाय झाडू नकोस. एक मुशी इतकी जवळून गेली की तिचा डोळा दिसला. आणि ती वळून निघून गेली.

पारावरच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. नथ्थूला वाटलं, लोक थक्क झाले. लोक थक्क झाले होते खरे, पण या पोरानं किती फेकावं यानं.

"निघून गेली?" रतिलालभाऊ म्हणाले. "चावली नाही?"

"नही भाऊ."

"मग खूण काय? हात दाखव, पाय दाखव. कुठं ओरखडा?"

ओरखडा नव्हता. गावाला याचाच मोठा राग आला. तापीतली मगर शेळी ओढून नेते, धुणं धुणाऱ्या बाईचा पाय धरते, म्हणजे ती निदान मगरीसारखी वागते. आणि बैलगाडीएवढा मासा भोयाच्या पोराला नुसतं बघून परत जातो? एवढा अपमान सहन करून पुन्हा तो गावात सांगायचा? वर डोंगर पाण्यात! उत्तरेकडं मान वळवली की सातपुडा दिसतो, डोंगर कुठं असतो ते काय गावाला शिकवायचं? मगन आबा तर म्हणाले, "आनी त्या डोंगरवर गायी कोन चारस?" पार हसून हसून लोळला. त्या दिवसापासून नथ्थूचं नाव मुशीवाला पडलं.

जसोदाबाईनं कपाळ बडवून घेतलं. "तुन्हा तोंडले काय व्हयनं रे? शिपाई शे म्हनतास तर काय जीभ झडी जाती?" तिनं त्याच्या माघारी धानोऱ्याचा सुपडू भोई गाठला होता. सुपडूची मुलगी रंजना, सतरा-अठराची, कामाला वाघीण. भोयांत दोन हात असतात, एक जाळं-नाव धरणारा आणि एक फुटाण्याची भट्टी चालवणारा. सुपडू भट्टीचा. त्याला पाण्याची इतकी धास्ती की तो गुडघ्याच्या वर भिजायचा तो फक्त पावसात. पण जावई मात्र त्याला अस्सल पाण्यातला हवा होता. जी गोष्ट आपल्याला जमत नाही ती जावयाला जमलीच पाहिजे, असा सासऱ्यांचा एक कायदाच असतो.

सुपडूच्या कानावर मुशी गेल्या. तो म्हणाला, पोरगा थापाड्या असेल तर मुलगी देणार नाही. रतिलालभाऊंनी मध्यस्थी केली, कारण आपल्या मध्यस्थीशिवाय गावात पान हलतं हे त्यांना सहन होत नसे. "एवढं काय त्यात? डोह मोजा."

डोह मोजणं हा तिथल्या भोयांचा रिवाज. सोयरीक ठरायच्या आधी मुलानं काळ्या डोहात बुडी मारायची आणि तळाची काळी वाळू मुठीत घेऊन वर यायचं. काठावर एक म्हातारा मोठ्यानं आकडे मोजतो. चाळीसच्या आत जो वर आला त्याला पोरी देत नाहीत, पन्नासला नारळ फोडतात. मोजायचा मान मगन आबांचा. त्यांचा स्वतःचा आकडा बहात्तर होता. तो त्यांच्या सख्ख्या भावानं मोजला होता आणि तो भाऊ मोजता मोजता एकदा बिडी पेटवायला गेला होता, पण तो भाग सोडून द्या. नथ्थूनं सोळाव्या वर्षी त्रेसष्ट काढले होते. तेही मगन आबांनीच मोजलेले, म्हणजे खरे साठ तरी असणार.

तेव्हा नथ्थू निर्धास्त होता. समुद्रात दहा-बारा पुरुष उतरणाऱ्याला तापीचा डोह म्हणजे काय? उन्हाळ्यानं नदी आटलेली, डोह तीन पुरुष जेमतेम. अख्खं गाव काठावर. सुपडू पाण्यापासून वीस हात लांब, चपला हातात घेऊन उभा. नथ्थूनं छाती भरून घेतली आणि बुडी मारली.

"एक!" मगन आबा गरजले. "दोन!"

आणि इथं काय झालं ते नीट ऐका, कारण गावानं ते कधीच नीट ऐकलं नाही.

साहेबानं त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती, आणि दोन वर्षं रोज तीच घोकून घेतली होती. पाण्याखाली श्वास कोंडायचा नाही. कधीच नाही. टाकीतली हवा घेत राहायचं, सोडत राहायचं. नळी तोंडातून सुटली तरी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं. कारण खोल पाण्यात दाबाखाली भरलेली हवा छातीत कोंडून जो वर येतो, त्याची हवा फुगत जाते आणि छाती आतून फाटते. सुरुवातीला नथ्थूला हे जमेना. भोयाचं पोर ते, पाण्यात शिरलं की तोंड आपोआप मिटणार. साहेब त्याच्या पाठीत गुद्दे घालायचा. शेवटी दोन वर्षांनी अंगाला एवढी सवय लागली की साहेबाचा गुद्दा विसरला तरी बुडबुडे विसरेनात.

डोहात उतरता उतरता त्याच्या ओठांतून बुडबुडे सुटू लागले. त्याला कळलंही नाही. तळाला हात लागायच्या आत छाती रिकामी झाली. आणि मग दोन वर्षं केलं तेच अंगानं केलं. श्वास आत घेतला.

तोंडात नळी नव्हती, तापीमाय होती.

"अकरा," मगन आबा म्हणाले आणि थांबले. नथ्थू वर आला होता. खोकत, नाकातोंडातून पाणी गाळत, हातात वाळूचा कण नाही. चुलत्यानंच नाव लोटून त्याला काठाला आणला. चुलत्याचा चेहरा त्या दिवशी इतका प्रसन्न होता की जणू त्याच्याच मुलाचं लग्न ठरलं.

"समिंदरमा मुशींसंगे फिरस," कुणीतरी म्हणालं, "आनी डोहमा अकरा!" गाव जे हसलं ते हसलंच. नथ्थूनं समजावून सांगायचा प्रयत्न केला, की तिकडं श्वास घेत घेत पाण्यात राहायचं असतं. म्हणजे हसणं थांबत आलं होतं ते पुन्हा सुरू झालं. सुपडू मात्र हसला नाही. त्यानं चपला पायात घातल्या आणि धानोऱ्याची एस.टी. गाठायला निघाला.

जसोदाबाई त्याच्या मागं धावली. काय बोलली, किती वेळा पाया पडली, ते तिनं मुलाला कधी सांगितलं नाही. पण परत आली ती आठ दिवसांची मुदत घेऊनच. पुढच्या सोमवारी पुन्हा डोह. पन्नास झाले तर मुलगी, नाहीतर राम राम. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "नथ्थू, मी आते एकली कितला दिन त्या दारमा बसू?" आणि चुलीकडं वळली. आईनं सात वर्षांत तक्रारीचा शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे लोक उठायच्या आत वरच्या अंगाला जाऊन बुड्या मारू लागला. ओठ दातांखाली दाबून. पहिल्या दिवशी पंधरा. दुसऱ्या दिवशी बावीस. अंग हट्टाला पेटलेलं, बुडबुडे सोडायला बघायचं. त्यानं ओठ रक्त येईपर्यंत चावले. चौथ्या दिवशी बत्तीस. पाचव्या दिवशी अंग हरलं, लहानपणचं सगळं परत आलं, आणि घड्याळावर पुरते पन्नास सेकंद झाले. त्याला इतका आनंद झाला की तो तसाच ओल्या केसांनी एस.टी.त बसून धानोऱ्याला गेला. सुपडूला सांगायला, असं तो स्वतःला सांगत होता.

सुपडू भट्टीवर नव्हता, सरपण आणायला गेलेला. त्याची बायको मीनाबाई भिंतीला टेकून पेंगत होती. भट्टीपुढं रंजना. तापलेल्या वाळूत हरभरे फिरवत होती, एका हातानं झारा, दुसऱ्या हातानं चाळणी. तिनं मान वर केली नाही.

"बाबा नहीत. फुटाणे जोयजे का?"

"छटाकभर." आता आलोच आहे तर.

तिनं कागदाचा पुडा वळला. मग वाळूकडंच बघत विचारलं, "सोळाव्या वरिसले त्रेसष्ट व्हतात ना? मंग आते अकरा कसा व्हयनात?"

नथ्थू चमकला. अख्ख्या गावानं अकरा ऐकले, अकरांवर पोट धरून हसलं. त्रेसष्टाचे अकरा कसे झाले, हे एकानंही विचारलं नव्हतं. त्यानं तिला सगळं सांगितलं. बुडबुडे, साहेबाचे गुद्दे, छाती फाटते ते. पारावर सांगितली नव्हती ती गोष्टही सांगून टाकली. पहिल्यांदा मुशी दिसल्या तेव्हा तो साहेबाच्या पाठीमागं लपला होता, आणि वर आल्यावर त्याला शिडी चढवेना, दोघांनी काखेत धरून वर ओढला.

रंजनानं हरभरे चाळले. "लबाड बोलनारा पन्नासनी तयारी करीसन येस," ती म्हणाली. "तुम्हले अकरा व्हयनात, तठेच माले समजनं का खरं शे."

सात वर्षांत आणि सात गावांत नथ्थूशी असं कुणी बोललं नव्हतं. मग त्याला आपला पराक्रम आठवला. तो ऐटीत म्हणाला की काळजी नको, आज पहाटे पन्नास झाले, श्वास आता पक्का कोंडता येतो, सोमवारी नारळ फुटणार.

झारा थांबला. रंजनानं पहिल्यांदा वर पाहिलं.

"आनी तठे परत गयात का?"

"तठे काय? तठे परत सवय करसू."

"पहिला दिनले कोन शिकाडी? मुशी?"

वाळूत दोन हरभरे तडकले. अहो, एवढा समुद्र पाहिलेला माणूस, आणि ही गोष्ट पाच दिवसांत त्याच्या डोक्यात शिरली नव्हती! साहेबाचा आजारी पडलेला तो जोडीदार, तो आजारी कशानं पडला होता? मुशी अंगावर येतेसं वाटून दचकला, श्वास कोंडला आणि तसाच वर पळाला. बोटीवर घेतला तेव्हा तोंडातून गुलाबी फेस येत होता. जगला, पण पुन्हा पाण्यात उतरला नाही. घाबरल्यावर माणूस शिकलेलं करत नाही, अंगात मुरलेलं करतो. आणि नथ्थू पाच दिवस, ओठ फाडून, अंगात काय मुरवत होता?

"मन्ही माय एकली..." तो म्हणाला आणि थांबला.

रंजनानं झारा पुन्हा वाळूत घातला. मीनाबाई जागी झाली, आणि तो फुटाणे घेऊन निघाला.

सोमवार उजाडला. नथ्थूनं रात्रभर उलटसुलट विचार करून शेवटी तेच ठरवलं होतं जे कुठल्याही शहाण्या माणसानं ठरवलं नसतं. पन्नास काढायचे. आई एकटी नको. समुद्राचं समुद्रात बघू.

काठावर या वेळी दुप्पट गर्दी. शेजारच्या दोन गावांतून गाड्या जुंपून लोक आले होते, मुशीवाला बुडतो ते बघायला. रतिलालभाऊंना खुर्ची. आणि सुपडू? मुलीच्या आयुष्याचा निकाल लागायचा तर एवढी गर्दी जमणार, आणि गर्दी जमणार तर ती काही खाणार, हे त्याच्या बरोबर ध्यानात आलं होतं. तो फुटाण्याच्या दोन टोपल्या घेऊन आला होता. मीनाबाई तापानं पडलेली, म्हणून दुसरी टोपली रंजनाच्या डोक्यावर. नवरीच स्वतःची सोयरीक बघायला आली म्हणून बायांनी तोंडाला पदर लावले, आणि पदराआडून फुटाणे खाल्ले.

नथ्थू पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यात थांबला. पन्नासला लागेल तेवढी हवा छातीत भरून घेतली आणि ओठ दातांखाली धरले. मगन आबांनी घसा खाकरला.

"नका मोजू."

आवाज बाईचा होता, म्हणून आधी कुणाला समजलंच नाही. रंजनानं टोपली वाळूत ठेवली होती.

"बाबा, हाई मोजनं बंद करा. माले अकरा भरपूर शेतस. मी यासनासंगेच लगीन करसू."

सुपडूच्या हातातलं माप तसंच राहिलं. समोरचं गिऱ्हाईक पुडा धरून उभं. रतिलालभाऊ खुर्चीवरून अर्धे उठले. त्यांच्या मध्यस्थीशिवाय काहीतरी घडत होतं. "मुली, रिवाज असतो," ते शाळेतल्या मराठीत म्हणाले. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"पोरी, लोके हसतीन," सुपडू हळूच म्हणाला. तो पहिल्यांदाच बाप असल्यासारखा बोलत होता. "जलमभर हसतीन. अकरावाली म्हनतीन तुले."

"हसू द्या बाबा," रंजना म्हणाली. "हसनारा बठ्ठा काठवर ऱ्हातीन. पाणीमा हाऊ एकलाच जाई. माले हाऊ जित्ता वर येवाले जोयजे."

कुणी हसलं नाही. जसोदाबाई उठली, गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि रंजनाची टोपली उचलून तिनं आपल्या कमरेवर घेतली.

नथ्थू अजून पाण्यातच होता, छाती फुगलेली, ओठ दातांत. त्यानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा रंजनाकडं. मग तोंड उघडलं आणि कोंडलेला श्वास सगळाच्या सगळा सोडून दिला.